नौरू : २१ चौरस किलोमीटरचा देश आणि त्याची अर्धीच सांगितली जाणारी गोष्ट

खडकवासी

नमस्कार मंडळी,

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी नौरूचा तो फॉरवर्ड फिरत फिरत येतोच. एक देश होता, जमिनीतून पैसा निघायचा, लोक आळशी झाले, महागड्या गाड्या घेतल्या, खाऊन खाऊन जाड झाले आणि शेवटी भिकेला लागले. खाली हात जोडलेले इमोजी आणि मुलांना काटकसर शिकवा असा उपदेश. मी शाळेत भूगोल शिकवतो. परवा नववीतल्या पोरांनी हीच गोष्ट मला ऐकवली तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहून काढायचं.

आधी जुजबी माहिती. पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम ५५-६० किमीवर हे एकटंच बेट. क्षेत्रफळ २१ चौ. किमी. बोरिवलीचं नॅशनल पार्क १०४ चौ. किमीच्या आसपास आहे, म्हणजे त्यात असे जवळपास पाच देश मावतील. लोकसंख्या साधारण १२ हजार. व्हॅटिकन आणि मोनॅको सोडले तर याहून लहान देश नाही. सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे पूर्वेला ३०० किमीवरचं बनाबा, ते किरिबाटी देशाचं. अधिकृत राजधानी नाहीच, संसद यारेन जिल्ह्यात आहे म्हणून पुस्तकांत यारेन छापतात. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. निळा झेंडा, त्यावर विषुववृत्ताची पिवळी रेघ आणि रेघेखाली बारा टोकांचा पांढरा तारा, बारा कुळांसाठी.

किनाऱ्याला सपाट अरुंद पट्टी, तिथेच सगळी वस्ती. मध्ये उंच पठार, त्याला तिकडे टॉपसाइड म्हणतात. या पठारावर प्रवाळी चुनखडीच्या सुळक्यांच्या मधे उत्तम प्रतीचं फॉस्फेट भरलेलं होतं. १९०० च्या सुमारास आल्बर्ट एलिस नावाच्या माणसाने सिडनीतल्या एका ऑफिसात दाराला अडकण म्हणून ठेवलेला दगड तपासला, तो नौरूहून आलेला होता, निघालं फॉस्फेट. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात. १९०७ पासून माल बाहेर जायला लागला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं आणि १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स ही संस्था काढली, वाटणी ४२, ४२ आणि १६ टक्के. माल ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांना जगातल्या भावापेक्षा स्वस्तात मिळायचा आणि नौरूच्या जमीनमालकाला सुरुवातीला टनाला अर्धा पेनी. अर्धा पेनी!

स्वातंत्र्य ३१ जानेवारी १९६८. म्हणजे फॉरवर्डमधली गोष्ट जिथून सुरू होते त्याच्या आधीच साठ वर्षं खोदाई झालेली होती. जे लोक "उधळे" म्हणून जगप्रसिद्ध झाले त्यांच्या हातात सूत्रं यायच्या आधीची ही साठ वर्षं कोणी सांगतच नाही. माझं म्हणणं एवढंच की ही गोष्ट उधळपट्टीची म्हणून सांगणं अन्यायाचं आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि कोणी तिकडे गेलेलं, काम केलेलं असेल तर जरूर लिहा.

रातराणी

वाखुसा (वाचनखूण साठवली). तो फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्याच आठवड्यात आला होता, आता तिथे हा धागा टाकते.

तिठा

लेख आवडला पण पूर्ण सहमत नाही. सर, तुम्ही ऑस्ट्रेलियाला धरलंत ते बरोबर, पण दुसरी बाजूही मांडा की. स्वातंत्र्याच्या वेळी फॉस्फेटच्या जमिनीपैकी साधारण एक तृतीयांशच खोदून झाली होती. उरलेली दोन तृतीयांश नौरूच्या स्वतःच्या सरकारने खोदली, १९७० पासून कंपनी त्यांचीच होती. सत्तर-ऐंशीच्या दशकात दरडोई उत्पन्नात हा देश जगात अगदी वरच्या रांगेत होता, कर नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट, परदेशात शिकायला गेलात तर तेही सरकार बघणार. त्यांच्या रॉयल्टी ट्रस्टमध्ये एके काळी एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मालमत्ता होती. मेलबर्नमध्ये ५२ मजली नौरू हाउस, १९७७ मध्ये उभं राहिलं, तेव्हा शहरातल्या सगळ्यात उंच इमारतींपैकी. मग विमान कंपनी, हॉटेलं, आणि १९९३ मध्ये लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकात देशाचा पैसा घातला, ते काही आठवड्यांत बंद पडलं. मेलबर्नची इमारत २००४ मध्ये देणेकऱ्यांमुळे विकावी लागली. २००५ च्या डिसेंबरात शेवटचं उरलेलं विमान कर्जापायी जप्त झालं, देशाला विमानच नाही! हे गोऱ्यांनी नाही केलं.

खडकवासी

@तिठा, आकडा बरोबर आहे आणि तो यायलाच हवा होता. पण मुळात दुसरा धंदा करायला जागा कुठे ठेवली होती हे बघा. १९६८ ला त्यांच्या हातात एकच वस्तू होती आणि ती संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातून खाणीची यंत्रसामग्री त्यांना फुकट नाही मिळाली, २१ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घ्यावी लागली. आपल्याच बेटावरची!

आगबोट

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, आता रिटायर्ड, अलिबागला असतो. ऐंशीच्या दशकात बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या बोटीवर) असताना नौरूला फॉस्फेट भरायला गेलेलो आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, तिथे बंदर असं नव्हतंच. बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून सरळ उभा डोंगर, त्याचं टोक तेवढं वर. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की पाणी इतकं खोल की नांगर टाकायची सोय नाही. मोठमोठे बोये तळाला साखळदंडांनी बांधलेले, बोट त्यांना चहूबाजूंनी बांधायची आणि किनाऱ्यावरून दोन लांबलचक लोखंडी हात समुद्रावर येतात, कॅन्टिलिव्हर म्हणतात, त्याच्यावरच्या पट्ट्यावरून माल थेट होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटात. चालू झालं की इतक्या वेगाने भरायचं की चीफ ऑफिसरला बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत भरलेलं पाणी) काढता काढता घाम फुटायचा. पण पश्चिमेचा वारा सुटला आणि लाट वाढली की सोडा दोर आणि जा बाहेर, आणि बाहेर नांगर नाही म्हणजे नुसतं तरंगत राहायचं लाट उतरेपर्यंत. कधी कधी दोन-तीन बोटी अशा बेटाभोवती तरंगत असायच्या.

आणि धूळ! बारीक पिवळट पांढरी पूड, डेकवर, केबिनमध्ये, चहात, सगळीकडे. पण माणसं चांगली. आमचा बोसन सिंधुदुर्गातला होता, त्याला तिथल्या लोकांची मासेमारी फार आवडली, संध्याकाळी होड्या घेऊन टूना धरायला निघायचे.

वर जाऊन खाणीचा भाग बघितला होता. फॉस्फेट काढून घेतल्यावर मागे राहतात ते चुनखडीचे सुळके, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, करडे, खरबरीत, दाटीने उभे. मधून चालता येत नाही, माती नाही, पाणी मुरून जातं, काही पेरता येत नाही. भर दुपारी तिथे उभं राहिलं की भट्टीत उभं राहिल्यासारखं होतं. सर म्हणतात ते मला पटतं, ज्याने ते पठार बघितलंय तो "आळशी लोक" असं म्हणणार नाही.

पळपुटा_नाही_पळणारा

त्या बेटाला वळसा घालणारा रस्ता १९ किमीचा आहे असं वाचलं. म्हणजे हाफ मॅरेथॉन लावली तर अख्खा देश पळून झाल्यावर वर दोन किमी उरतात. कोण येणार बोला, संघ काढतो.

रातराणी

मी येते पण पाणी घेऊन ये, तिथे नदी नाही.

मिताली_ब्रिस्बेन

नदी नाहीच, बरोबर. बेटावर एकही नदी-ओढा नाही. घरांच्या छपरावरचं पाणी टाक्यांत साठवतात, बाकी समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आणि टँकर. पूर्वी फॉस्फेट न्यायला येणाऱ्या बोटी पाणी घेऊन यायच्या असं तिथल्या म्हाताऱ्या लोकांनी सांगितलं, आगबोट काका कन्फर्म करतील.

मी ब्रिस्बेनला अकाउंटिंगमध्ये आहे, ऑफिसच्या कामाने तिकडे जाणं झालं. नौरू एअरलाइन्सचं विमान ब्रिस्बेनहूनच सुटतं, कंपनीचा सगळा कारभार पण इथूनच चालतो. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सक्तीच्या मजुरीतून करून घेतलेली, अजून तीच वापरतात, वाढवून. विमान आलं की रस्त्यावरच्या गाड्या थांबवतात, ते गेलं की पुन्हा सुरू.

दुकानं बहुतेक चिनी कुटुंबांची. तांदूळ, डबाबंद मांस, नूडल्स, गोड पेयं, सगळं बोटीने येतं आणि बोट उशिरा आली की शेल्फ रिकामं. मी शाकाहारी, माझे हाल विचारू नका, डाळ मी घरूनच नेली होती ती कामाला आली. एका ताज्या टोमॅटोची किंमत बघून मी परत ठेवला. बुआडा नावाचा एक छोटा तलाव आहे आत, भोवती नारळ-केळी-फणसासारखी झाडं, तेवढाच हिरवा तुकडा. त्या तलावात पूर्वी समुद्रातून मिल्कफिशची पिल्लं आणून वाढवायचे, त्याला तिकडे इबिजा म्हणतात, प्रत्येक कुटुंबाचा तलावाचा ठरलेला भाग. १९६० च्या दशकात कोणीतरी तिलापिया मासा आणून सोडला आणि त्याने सगळं बिघडवलं, इबिजाची वाढच खुंटली.

लोकांबद्दल सांगायचं तर ते फॉरवर्डवाले लोक मला कुठे दिसले नाहीत. शिक्षिका, नर्स, सरकारी कारकून, संध्याकाळी ऑस्ट्रेलियन फुटबॉल, रविवारी चर्च. फुटबॉलचं मैदान फॉस्फेटच्या मातीचंच, पडलं की गुडघे सोलून निघतात पण पोरं खेळतात. कूळ आईकडून येतं, आईचं जे कूळ तेच मुलाचं. जमीन बाहेरच्याला विकत घेता येत नाही. जमिनीच्या छोट्याशा तुकड्याचे चिक्कार वारस, ते ऐकून मला आमच्या गावचा सातबारा आठवला.

आगबोट

@मिताली, हो, आमच्याआधीच्या पिढीतले लोक पाणी नेल्याचं सांगायचे. टँकमधून गोडं पाणी न्यायचं आणि येताना माल.

डॉ_निरगुडी

जाडपणाचा मुद्दा आलाय म्हणून डॉक्टर या नात्याने लिहिते, कारण फॉरवर्डमधला मला सगळ्यात खटकणारा भाग हाच.

१९७० च्या दशकाच्या मध्यात तिथे डायबेटिसचा अभ्यास झाला तेव्हा प्रौढांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना डायबेटिस निघाला. तोपर्यंत जगात इतकं प्रमाण फारच थोड्या समाजांत दिसलं होतं. लठ्ठपणातही तो देश जगात पहिल्या काहींमध्ये येतो. पण हे "खाऊन खाऊन" झालं म्हणणं म्हणजे आजाऱ्यालाच रागावणं. पूर्वीचं खाणं काय होतं? मासे, नारळ, केवड्याच्या जातीच्या झाडाची फळं, नारळाची ताडी. पठारावरची झाडं खाणीत गेली. जमीन गेली म्हणजे बाग गेली, बाग गेली म्हणजे डबे आले. डब्यातलं मांस, साखर, पांढरा तांदूळ, हे बोटीवर टिकतं म्हणून येतं, लोकांना आवडतं म्हणून पहिल्यांदा आलं नाही.

त्यात एक जनुकीय बाजूही मांडली गेली, दुष्काळ आणि लांबच्या समुद्रप्रवासात चरबी साठवणारी शरीरं टिकली वगैरे. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये तो विचार मांडला, त्यावर पुढे खूप वाद झाले आणि आज तो जसाच्या तसा कोणी धरत नाही. डायबेटिसमध्ये आपला देशही जगात पुढे आहे, आपल्याकडे तर फॉस्फेटची श्रीमंती पण नव्हती. पुण्यात माझ्या ओपीडीत पस्तिशीतली आयटीतली मुलं येतात, त्यांना कोणी "उधळी संस्कृती" म्हणत नाही. पाय कापायची वेळ आलेल्या माणसाकडे बोट दाखवून मुलांना धडे देऊ नका एवढंच.

रातराणी

डॉक्टर, +१००.

सुपारीची_बाग

मला युद्धाबद्दल विचारायचंय. जपानी लोक तिथे होते म्हणजे स्थानिकांचं काय झालं?

कोयनाकाठ

@सुपारीची_बाग, वाईट झालं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जपानने बेट घेतलं. बेटावर ३९ कुष्ठरोगी होते, त्यांना बोटीत बसवून समुद्रात नेलं आणि बोट बुडवून मारलं. १९४३ मध्ये १२०० नौरूवासीयांना उचलून पॅसिफिकमधल्याच ट्रुक बेटांवर नेलं, तिकडे मजुरी, उपासमार, आजार. युद्ध संपल्यावर ३१ जानेवारी १९४६ ला जे परतले ते सातशे सदतीसच्या आसपास. आता सरांच्या लेखातली स्वातंत्र्याची तारीख बघा, ३१ जानेवारी. मुद्दाम तीच निवडलेली आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट स्वतः ट्रुकहून परत आलेल्यांपैकी.

त्यांचा अजून एक सण आहे, अंगाम. दर २६ ऑक्टोबरला. १९२० मध्ये इन्फ्लुएन्झाने शेकड्यात सतरा-अठरा माणसं गेली आणि समाज म्हणून टिकायचं तर किमान १५०० माणसं हवीत असं ठरवलं गेलं. १९३२ मध्ये पंधराशेवं बाळ जन्मलं, सगळ्या बेटाने आनंद केला, तो अंगाम दिवस. युद्धाने पुन्हा संख्या खाली, १९४९ मध्ये पुन्हा १५०० झाली, पुन्हा अंगाम. आख्ख्या देशाने एका बाळाची वाट बघायची, असा सण माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

सुपारीची_बाग

बाप रे. हे काहीच माहीत नव्हतं. आभारी आहे.

मतपेटी

थोडं अवांतर. निवडणुकांच्या अभ्यासकांना हा देश वेगळ्याच कारणासाठी आवडतो. संसद १९ जणांची. मतदाराने सगळ्या उमेदवारांना क्रम द्यायचा, पहिल्या पसंतीला १ गुण, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश, चौथ्याला पाव, असं. मग सगळ्या गुणांची बेरीज. १९७१ पासून चालू आहे, डॉडल नावाच्या तिथल्या आयरिश अधिकाऱ्याने काढलेली पद्धत. राष्ट्राध्यक्ष संसद निवडते, आणि पक्ष जवळपास नाहीतच त्यामुळे दोन माणसं फिरली की सरकार पडतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतर तर अविश्वास ठरावांची रांगच लागली होती.

पळपुटा_नाही_पळणारा

बेरीज करायला पर्यवेक्षक गणिताचे हवेत. आमच्या ग्रामपंचायतीत अपूर्णांकाने मतं मोजली तर निकाल दिवाळीनंतर लागेल.

तिठा

धागा भरकटतोय, मूळ मुद्द्यावर येऊ. अविश्वास ठरावांचा उल्लेख झालाच आहे तर त्याच काळात काय चाललं होतं तेही सांगा. नव्वदच्या दशकात पैसा आटल्यावर नौरूने ऑफशोअर बँकांचे परवाने विकले. सुमारे ४०० बँका, पत्ता एकच पोस्टाची पेटी. रशियातला काळा पैसा तिथून फिरला. अमेरिकेने निर्बंध घातले. पासपोर्ट विकले. मग २००१ पासून ऑस्ट्रेलियाकडून पैसे घेऊन त्यांच्याकडे बोटीने येणाऱ्या आश्रितांना आपल्या बेटावर छावणीत ठेवलं. ही सगळी निवड त्यांची स्वतःची होती.

मिताली_ब्रिस्बेन

@तिठा, छावणीच्या बाबतीत "निवड" हा शब्द मला जड वाटतो. २००१ मध्ये टाम्पा नावाच्या नॉर्वेजियन जहाजाने समुद्रात बुडणाऱ्या लोकांना वाचवलं, बहुतेक अफगाण, आणि ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू दिलं नाही. तिजोरी रिकामी असलेल्या देशाकडे तुम्ही पैसे घेऊन गेलात तर तो नाही कसा म्हणेल? २००८ मध्ये बंद केली, २०१२ मध्ये परत उघडली. मी इथे राहते, इथे कर भरते, त्यामुळे मला तो प्रश्न आधी इथल्या सरकारला विचारावासा वाटतो. त्या छावणीत लहान मुलं वर्षानुवर्षं होती. त्यांचे हाल झाले, आणि ज्या बेटावर स्वतःच्या माणसांना पाणी पुरत नाही तिथे ते झाले.

तिठा

मान्य की ऑस्ट्रेलियाचा दोष मोठा. पण छोटा देश म्हणजे नेहमी बिचारा असं धरलं तर त्यांच्या लोकांना अक्कल नाही असं म्हटल्यासारखं होतं. ते मला जास्त अपमानाचं वाटतं.

खडकवासी

@तिठा, हा मुद्दा पटण्यासारखा आहे. म्हणूनच त्यांच्या अकलेचीही उदाहरणं द्यायला हवीत. साठीच्या दशकात ऑस्ट्रेलियाने सुचवलं होतं की बेट खोदून संपणारच आहे तर तुम्ही सगळे क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला या. नौरूने नकार दिला, कारण तिथे गेले असते तर ऑस्ट्रेलियाचे नागरिक होऊन विरघळून गेले असते, देश म्हणून उरले नसते. शेजारच्या बनाबाचं उदाहरण समोर होतं, तिथल्या लोकांना १९४५ मध्ये फिजीतल्या राबी बेटावर नेऊन बसवलं आणि त्यांचं बेट खोदून संपवलं. नौरूने ते ओळखलं.

तारीखपेतारीख

वकिली करतो म्हणून हा भाग मी लिहितो. १९८९ मध्ये नौरू ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मुद्दा असा की तुम्ही आमचे विश्वस्त होतात, विश्वस्त म्हणून जमीन सांभाळायची सोडून ती खोदून नापीक केलीत, तर स्वातंत्र्याआधी खोदलेला तेवढा भाग पूर्ववत करून द्या. त्याआधी त्यांनी स्वतःचा चौकशी आयोग नेमला होता, अध्यक्ष श्रीलंकेचे क्रिस्टोफर वीरमंत्री, जे पुढे त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले. ऑस्ट्रेलियाने आक्षेप घेतला की ब्रिटन आणि न्यूझीलंडही भागीदार होते, त्यांना सोडून एकट्या आमच्यावर खटला चालूच शकत नाही. १९९२ मध्ये न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने तडजोड केली, १०७ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर, काही लगेच आणि काही वीस वर्षांत. ब्रिटन आणि न्यूझीलंडने प्रत्येकी १२ दशलक्ष ऑस्ट्रेलियाला दिले.

विश्वस्ताला भागीदारांच्या आड लपता येत नाही, हे तत्त्व या दहा हजारांच्या देशाने जगाला मिळवून दिलं. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात हा खटला असतो. तिठा यांना अकलेचं उदाहरण हवं होतं ना, हे घ्या.

तिठा

हे घेतलं. उत्तम प्रतिसाद.

खतवाला_काका

धागा आज वाचला, उशीर झाला. मी खत कंपनीत मार्केटिंगला होतो, विदर्भ-मराठवाडा सगळा पायाखाली घातलाय. तुम्ही सगळे नौरू नौरू करताय पण भारताचा आणि त्या देशाचा धंद्याचा थेट संबंध होता हे कोणीच लिहिलं नाही.

ओडिशात पारादीपला पारादीप फॉस्फेट्स म्हणून डीएपी खताचा मोठा कारखाना आहे. तो १९८१ मध्ये निघाला तेव्हा भागीदार दोन, भारत सरकार आणि नौरू सरकार! हो, तोच नौरू. दगड त्यांच्याकडे, शेतकरी आपल्याकडे, असा हिशेब होता. १९९३ मध्ये नौरू भागीदारीतून बाहेर पडला. फिलिपाइन्समधल्या एका खत कारखान्यातही त्यांचा हिस्सा होता. म्हणजे फॉस्फेट संपणार हे त्यांना कळत होतं आणि त्याच धंद्यात पुढच्या पायरीला, पक्क्या मालात उतरायचा प्रयत्न त्यांनी केला होता. नाटकात पैसे घातले हे सगळे सांगतात, खत कारखान्यात घातले हे कोणी सांगत नाही.

झुआरीकाठची

काका!! आमच्या वास्कोजवळ झुआरीनगरला जो खत कारखाना आहे, तो २०२२ मध्ये पारादीप फॉस्फेट्सनेच घेतला ना? बाबा तिथेच कामाला होते. म्हणजे आमचा कारखाना आता ज्या कंपनीचा आहे ती एके काळी अर्धी नौरूची?

खतवाला_काका

अर्धी म्हणू नका, हिस्सा होता असं म्हणा. पण हो, तीच कंपनी. जय किसान खताची गोणी बघितली असेल तुम्ही सगळ्यांनी, ती त्याच कारखान्याची. आता त्यांच्यात मोरोक्कोचा हिस्सा आहे, नौरूच्या जागी दगडवाला भागीदार दुसरा आला एवढंच. आपल्याकडे रॉक फॉस्फेट फार थोडं, बहुतेक बाहेरूनच येतं, जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त, टोगो. सोयाबीनला डीएपी टाकताना हा दगड कुठून खणला याचा विचार कोणी करत नाही, मीही नोकरीत कधी केला नाही, पण कुठे ना कुठे एक खड्डा पडलेला असतोच.

पक्षीवेडा

फॉस्फेट म्हणजे पक्ष्यांची विष्ठा असं सांगतात, म्हणून माझा हक्क. त्या बेटावर एकच जमिनीवरचा गाणारा पक्षी आहे जो जगात दुसरीकडे कुठेही नाही, नौरू रीड वार्बलर, आपल्याकडच्या वटवट्यांच्या कुळातला. खाणीनंतर उगवलेल्या झुडपांत आणि परसात तो टिकून आहे. आणि तिथले लोक फ्रिगेटबर्ड पाळायचे, समुद्रावरून आलेला पक्षी दोरीचा फास भिरकावून पकडायचा, माणसाळवायचा, हा त्यांचा पुरुषांचा जुना खेळ. नॉडी पक्षी जाळ्याने धरून खातात, अजूनही.

मतपेटी

आणि वेटलिफ्टिंग! मार्कस स्टीफन, १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं. १९९२ च्या ऑलिंपिकला नौरूची स्वतःची ऑलिंपिक समितीच नव्हती म्हणून सामोआकडून खेळला. पुढे २००७ ला राष्ट्राध्यक्ष झाला. देश शब्दशः खांद्यावर घेतला.

कोयनाकाठ

सध्या काय स्थिती आहे तेही कोणीतरी लिहा, नाहीतर सगळं १९९३ ला थांबतंय.

मिताली_ब्रिस्बेन

लिहिते. सध्या पैसा येतो तो मुख्यतः दोन ठिकाणांहून, ऑस्ट्रेलियाच्या छावणीचा करार आणि टूना. टूनाचं काम फार हुशारीचं आहे. १९८२ मध्ये पॅसिफिकमधल्या काही देशांनी मिळून करार केला, नावच नौरू करार, आता त्यात आठ देश आहेत, आणि नंतर परदेशी बोटींना दिवसाच्या हिशेबाने मासेमारी विकायला लागले. एकेकटा देश असता तर जपान-कोरिया-तैवानच्या बोटींनी भाव पाडला असता, आठ जण एकत्र म्हटल्यावर भाव मिळतो. २०१४ पासून उत्पन्नावर कर लावला, पहिल्यांदाच. बेटावरच्या आयवोला एडीबीच्या (आशियाई विकास बँकेच्या) मदतीने नवं बंदर हाती घेतलं, म्हणजे आगबोट काकांच्या वेळचं ते तरंगत बसणं बंद व्हावं. जानेवारी २०२४ मध्ये तैवानला सोडून चीनला मान्यता दिली.

आणि आता पुन्हा नागरिकत्व विकायला काढलंय, सुरुवातीला १,०५,००० अमेरिकन डॉलरला. पण या वेळी कारण वेगळं आहे. समुद्र चढतोय आणि सगळी वस्ती किनाऱ्याच्या पट्टीवर, त्यामुळे लोकांना वर टॉपसाइडला न्यायचंय. म्हणजे जे पठार खोदून टाकलं तिथेच सुळके फोडून, सपाट करून, माती आणून घरं बांधायची. त्यासाठी पैसा हवा.

आगबोट

ते पठार सपाट करायचं म्हणजे काय काम आहे हे मला दिसतंय डोळ्यासमोर. होवो, पण फार कठीण आहे.

तिठा

आणि खोल समुद्रातल्या खाणी विसरलात. मेक्सिको आणि हवाईच्या मधल्या समुद्रतळावर निकेल-कोबाल्टचे गोळे आहेत, ते काढायला एका परदेशी कंपनीचा पुरस्कर्ता देश म्हणून नौरू उभा आहे. जून २०२१ मध्ये त्यांनी जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला नोटीस दिली की दोन वर्षांत नियम करा. शेजारचे फिजी, पलाऊ, सामोआ म्हणतात थांबा, तळाचं काय नुकसान होईल कोणालाच नीट माहीत नाही. मला हेच कळत नाही सर, ज्यांचं स्वतःचं बेट असं खोदलं गेलं तेच आता समुद्राचा तळ खोदा म्हणतायत?

खडकवासी

तिठा, मलाही ते पटत नाही, आणि मी त्याची बाजू घेणार नाही. फक्त त्यांचं म्हणणं काय ते सांगतो. ते म्हणतात हवा आम्ही नाही तापवली, बुडणार मात्र आम्ही, आणि बॅटऱ्यांना धातू जगाला हवाच आहे तर त्यातला वाटा आम्हाला का नको. हे ऐकून घ्यावं लागतं. तरीही जोखीम समुद्राची आहे आणि कंपनी परदेशी आहे, म्हणजे पुन्हा टनामागे किती मिळणार हा प्रश्न १९०७ सारखाच उभा आहे. या वेळी करारावर सही करणारे तेच आहेत, त्यामुळे हिशेबही त्यांनाच मागता येईल.

सोमवारी नववीला तास आहे. अर्धा पेनी, ट्रुक, हेगचा खटला, पारादीप आणि लंडनचं नाटक, सगळं फळ्यावर लिहिणार आहे आणि मग पोरांना विचारणार आहे.

झुआरीकाठची

पोरं काय म्हणाली ते इथे नक्की लिहा सर. आणि काका, बाबांना विचारलं, ते म्हणतात त्यांच्या वेळेला दगड जॉर्डनहून यायचा, मुरगावला उतरायचा.

खतवाला_काका

बरोबर सांगतात. बाबांना माझा नमस्कार सांगा.